कलम नऊमधला ‘शक्यतो’

पोत्यांची तोंडं शिवण्यात तिची एकवीस वर्षं गेली होती. मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यातल्या भरणी विभागात, छताला टांगलेल्या शिलाई मशीनपुढे उभी राहून ती मिनिटाला चार पोती हातावेगळी करायची. सगळा कारखाना तिला मावशी म्हणायचा. तिच्याहून वयाने मोठा असलेला वॉचमनही म्हणायचा, आणि तिने त्याला दोनदा हटकूनही तो सुधारला नव्हता. खरी मावशी मात्र ती एकाच मुलीची, धाकट्या बहिणीच्या लेकीची. ही बहीणही त्याच विभागात होती. मावशीनेच साहेबांच्या मागे लागून तिला चिकटवलं होतं. ती तिच्यापासून सात पावलांवर पोती वजनकाट्यावर चढवायची.

स्फोट झाला त्या दुपारी मावशी दोऱ्याची रिळं आणायला स्टोअरमध्ये गेली होती. वरच्या मजल्यावरचं एक बेअरिंग तापलं आणि हवेत तरंगणाऱ्या भुकटीने पेट घेतला. तो पहिला धक्का तसा लहान होता. पण त्याने तुळयांवर साचलेला बोटभर थर खाली आणला, आणि मग जो भडका उडाला त्याने छतच उचललं. चौदा जण गेले. त्यातले नऊ मागच्या दाराशी सापडले, एकमेकांवर रेललेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. नऊ जणांत बहीण होती.

तिसऱ्या महिन्यात सरकारने समिती नेमली. कारखान्यांच्या सुरक्षेचे नियम नव्याने लिहायचे होते. अध्यक्ष एक निवृत्त सचिव, शिवाय दोन अधिकारी, एक प्राध्यापक, कारखाना निरीक्षक, कारखानदारांच्या संघटनेचे वकील आणि कामगारांतर्फे एक जण. युनियनच्या पुढाऱ्याचं नाव निघालं तेव्हा कामगारच म्हणाले, तो नको, त्याला टाळ्या लागतात. मावशीला पाठवा. तिला एकदा प्रश्न पडला की ती कुणाला सोडत नाही.

निघताना मेव्हण्याने, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याने, तिला दारात थांबवलं. “ताई, बाकी काही बोलू नका. कुलूप कुणी लावलं एवढंच विचारा.”

तिने पहिल्याच बैठकीत विचारलं. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि अतिशय सौम्यपणे सांगितलं, “बाई, दोषी ठरवणं आपल्या समितीच्या कक्षेत नाही. त्याचा तपास वेगळा चालू आहे. आपण पुढचं बघायचं.”

“मागचं न बघता पुढचं कसं दिसणार?”

“तुमची भावना इतिवृत्तात घेतो,” अध्यक्ष म्हणाले. पुढच्या वर्षभरात तिच्या इतक्या भावना इतिवृत्तात गेल्या की ते वाचणाऱ्याला वाटावं, ही बाई तिथे नुसती हुंदके देत बसली होती. खरं तर ती एकदाही रडली नाही.

बैठका महिन्यातून एकदा व्हायच्या, त्यातल्या निम्म्या व्हायच्याच नाहीत. कधी गणसंख्या नाही, कधी अध्यक्ष दौऱ्यावर. मावशी दोन बस बदलून यायची आणि शिपाई सांगायचा, “आज रद्द. तुम्हाला फोन नाही आला?” झाल्याच बैठका, तर चाकांच्या खुर्च्यांवर बसून एकेका शब्दाचा कीस पडायचा. मसुद्यात एकतीस कलमं होती. नववं कलम तिने पाठ केलं होतं. ‘काम चालू असताना बाहेर पडण्याच्या कोणत्याही दाराला कुलूप असू नये.’ यात बोलण्यासारखं काय आहे, हे तिला कळत नव्हतं.

वकिलांना कळत होतं. ते कधी आवाज चढवायचे नाहीत, तिला खुर्ची पुढे करायचे, चहा आधी तिच्याकडे सरकवायचे. “माझी एवढीच विनंती आहे,” ते म्हणाले, “सुरुवातीला ‘शक्यतो’ घालावं. शक्यतो कुलूप असू नये. चोऱ्या होतात, बाहेरचे लोक घुसतात. प्रत्येक कारखान्याची परिस्थिती वेगळी.”

“आग लागल्यावर कुणाची परिस्थिती वेगळी असते?” मावशी म्हणाली.

“बाई, कायदा भावनेवर चालत नाही.”

“मी दाराचं बोलतेय.”

पुढे चार बैठका त्या एका शब्दाचं घोंगडं भिजत पडलं. प्राध्यापकांनी ‘सर्वसाधारणपणे’ सुचवलं. एका अधिकाऱ्याला ‘यथाशक्य’ जास्त भारदस्त वाटला. मावशी घरी येऊन भांडी आपटायची. भाची तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, ती ओट्याशी उभी राहून ऐकून घ्यायची. “यांना कोंडायला हवं एकदा,” मावशी म्हणायची. “फक्त पाच मिनिटं. शक्यतो.”

पाचव्या बैठकीला वकिलांनी एक कागद काढला. कारखान्याच्या तक्रारवहीतलं पान होतं, स्फोटाच्या दोन महिने आधीचं. त्यांनी ते हळू आवाजात वाचलं: मागच्या दारातून वारा येतो, भुकटी उडून डोळ्यांत जाते, तरी ते दार बंद ठेवावं, ही विनंती. खाली अकरा बायकांच्या सह्या. पहिली सही मावशीची, तिसरी तिच्या बहिणीची.

“मला कुणाला दुखवायचं नाही,” वकील म्हणाले, “पण दार बंद ठेवण्याची मागणी कामगारांचीच होती, हे समितीपुढे यायला हवं.”

ही सही मावशीच्या छातीवर रोज रात्री दगडासारखी असायची. तिने ती मेव्हण्याला सांगितली नव्हती, भाचीला नाही, कुणालाच नाही. सह्या गोळा करत तीच फिरली होती. बहीण म्हणाली होती, राहू दे गं, चालतंय, आणि हिनेच तिच्या हातात पेन दिलं होतं.

त्या दिवशी बैठक संपताच ती निघाली. बसमधून उतरल्यावर घरी न जाता थांब्याच्या बाकावर तासभर बसून राहिली. मग उठली आणि भाचीला सगळं सांगितलं, काही न लपवता.

भाचीने ओट्यावरचा गॅस बंद केला. मग म्हणाली, “अर्जात तेवढंच होतं, मावशी?”

तेवढंच नव्हतं. एवढ्या महिन्यांत मावशीला आपली सही तेवढी आठवत राहिली होती, आणि मजकूर ती पार विसरून गेली होती. पुढच्या बैठकीत तिने हात वर केला. “वकीलसाहेब, ते पान परत काढा. दुसरी ओळ वाचा.”

वकिलांनी पान काढलं, पाहिलं, आणि खाली ठेवलं.

“वाचा ना. नाहीतर मी म्हणते. भुकटी ओढून घेणारा पंखा दोन महिने बंद आहे, तो दुरुस्त करून मिळावा. पंखा चालू असता तर आम्ही दाराचं नावसुद्धा काढलं नसतं. पंखा झाला नाही. दार फुकटात बंद होत होतं, ते लगेच झालं. आणि आम्ही दार लोटून घ्या म्हटलं होतं, साहेब. कुलूप घाला नव्हतं म्हटलं.”

निरीक्षक खाली मान घालून पेनाचं टोपण काढत-लावत होते. अध्यक्षांनी इतिवृत्त लिहिणाऱ्याला सांगितलं, “हे शब्दशः घ्या.” मग म्हणाले, “कलम नऊमध्ये ‘शक्यतो’ घालू नये असं माझं मत आहे.” वकिलांनी हरकत घेतली नाही.

इथेच गोष्ट संपली असती तर बरं होतं. पण वकील नवव्या कलमात मागे हटले ते चौदाव्यासाठी. चौदावं कलम भुकटीचं, पंख्यांचं, सफाईचं. मूळ मसुद्यात निरीक्षकाने दर तीन महिन्यांनी येऊन तपासावं असं होतं. शेवटच्या मसुद्यात ते बदलून आलं: मालकाने स्वतः तपासून दाखला द्यावा.

मावशीने जिन्यात निरीक्षकांना गाठलं. “तुम्ही गप्प कसे बसलात?”

“माझ्याकडे तीनशे चाळीस कारखाने आहेत, मावशी,” ते म्हणाले. तेही तिला मावशीच म्हणू लागले होते. “मी एकटा. गाडी आहे, तिला ड्रायव्हर नाही. तीन महिन्यांनी म्हणे. तुमच्या कारखान्यात मी चार वर्षांत एकदा आलो होतो, तेही ऑफिसात बसून परत गेलो.”

“मग माणसं मागा.”

“दर वर्षी मागतो. नाही म्हणून पत्र येतं.”

तिला त्यांच्यावर धड चिडताही येईना, आणि त्याचाच जास्त संताप झाला.

सह्यांच्या दिवशी ती पेन हातात धरून बसून राहिली. सही केली नाही तर सगळा अहवाल लटकणार, आणि त्याबरोबर नववं कलमही. अध्यक्षांनी असहमतीची टीप जोडायची सवलत दिली. तिने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या: ज्याने पंखा बंद ठेवला त्यालाच पंखा चालू आहे असं लिहून द्यायला सांगणं मला मान्य नाही. मग सही केली. टीप परिशिष्टात गेली, पान एकशे अठरा.

त्या संध्याकाळी मेव्हण्याला तिने अर्जाचंही सांगितलं. ते त्याने ऐकून घेतलं. पण अहवालावरच्या सहीचं ऐकून त्याचा चेहरा आवळला. “पंख्याचं सोडून दिलंत आणि सही केलीत? तिच्या जागी तुम्हाला पाठवलं होतं आम्ही.”

“सही नसती केली तर दारही गेलं असतं.”

“असेल,” तो म्हणाला आणि उठून गेला. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. कुलूप कुणी लावलं त्याचा तपास अजून चालूच होता.

नियम लागू झाले. मावशी आता दुसऱ्या कारखान्यात पोती शिवते, आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या कारखान्यांच्या फाटकांवर पाळी सुटायच्या वेळेला जाऊन उभी राहते. बाहेर पडणाऱ्या बायकांना विचारते, दाराला कुलूप आहे का, पंखा चालतो का. वॉचमन हाकलतात. एका फाटकावर एक बाई म्हणाली, “कुलूप काढलंय हो. पण दाराला लागून बाहेर पोती रचलीत, छातीएवढी.” मावशी निरीक्षकांच्या कचेरीत गेली, दीड तास बसली, तक्रार लिहवून घेतली. पोती हलली. दहा दिवसांनी परत तिथेच आली. मावशी परत कचेरीत गेली. शिपाई आता तिला बघून कपाळाला हात लावतो.

गेल्या रविवारी भाची ड्यूटी संपवून आली. चपला काढता काढता म्हणाली, “बाबांचा निरोप आहे.”

“माझ्यासाठी?”

“तुझं नाव नाही घेतलं. म्हणाले, तिला सांग, मी कामाला जातो त्या गोदामाच्या मागच्या दाराला बाहेरून जाळी ठोकलीय.”

“कधी?”

“महिना झाला म्हणे.”

“महिनाभर काय तोंडात गुळणी धरली होती यांनी?” मावशी म्हणाली, आणि गोदामाचा पत्ता लिहून घ्यायला कागद शोधू लागली.