मावशी नियमात बसत नाही

वर्षाअखेर न घेतलेली रजा लॅप्स होते. किस्से होत नाहीत लेको! नव्वद सालानंतरची अठरा वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला क्लार्क होतो. रजेचा प्रत्येक अर्ज माझ्या टेबलावरून पर्सोनेल ऑफिसर चांदोरकर साहेबांकडे जायचा आणि लाल पेनाने रंगून परत यायचा. आता कंपनी बंद पडली, साहेब मुलाकडे पुण्याला गेले, आणि हे सगळं माझ्या डोक्यात तुंबून बसलंय. ऐका.

०

पॅकिंगच्या सुनंदाताईंनी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला. डॉक्टरांनी मार्चचा शेवटचा आठवडा सांगितला होता. साहेबांनी कॅलेंडर बघून कपाळाला हात लावला. "अहो बाई, मार्चएन्डला सगळा डिस्पॅच! एप्रिलमध्ये नाही का जमणार?"

सुनंदाताई म्हणाल्या, "विचारून बघते साहेब. आतून उत्तर आलं की कळवते!"

आम्ही पोट धरून हसलो. रजा कायद्याचीच होती, द्यावीच लागली. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या टेबलावर दुसरी बाई काम करत होती.

०

लेथवरच्या शिंदेचा डावा हात मोडला. प्लास्टर घेऊनच तो अर्ज द्यायला आला. साहेब म्हणाले, "उजवा चालतो ना? मग गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिही."

सहा आठवडे लिहिले बिचाऱ्याने. एकही नंबर कुणाला वाचता आला नाही. शिंदे डावखुरा होता, हे साहेबांनी विचारलंच नव्हतं!

०

पुढे साहेबांचंच पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. तीन आठवड्यांचा अर्ज त्यांनीच लिहिला, त्यांनीच मंजूर केला. 'आजाराचा पुरावा' या रकान्यात लिहिलं, 'स्वतः अनुभवला'!

०

घरच्यांच्या आजारपणाला मात्र आमच्याकडे रजाच नव्हती. आई-बाप, बायको, पोर वारलं तर तीन दिवस. नुसतं आजारी असेल तर साहेबांचा ठरलेला प्रश्न, "मग तू काय डॉक्टर आहेस?"

आमच्या प्रेसशॉपचा काशिनाथ हरसूलकडचा. घरी भातशेती, आई एकटी. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, त्याला तीन दिवस हवे होते. दोनदा अर्ज परत आला. तेव्हा मीच अक्कल शिकवली, "लिही, आई वारली."

"नाय भाऊसाहेब, जित्या माणसाला असं..."

"अरे, कागदावरच रे!"

साहेबांनी लगेच सही केली. "फार वाईट झालं," असंही म्हणाले. काशिनाथ गावी गेला आणि मेलेल्या आईबरोबर चिखलात उभा राहून आवणी करून आला.

०

दिवाळीनंतर म्हातारी स्वतः गेटवर हजर! काखेत नव्या तांदळाचं गाठोडं. मला म्हणाली, "लेकाला सुट्टी देनाऱ्या सायबाला द्याचा हाय." तेवढ्यात साहेबच बाहेर आले. "कोण या?"

"काशिनाथची मावशी," मी ठोकून दिलं. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

साहेबांनी तांदूळ घेतला. काशिनाथला गेटवर बोलावून म्हणाले, "आई गेली, आता हिला तरी नीट सांभाळ."

०

दोन वर्षांनी म्हातारी खरंच आजारी पडली. अंथरुणातून एकच धोसरा, काशिनाथला बोलवा. त्याने अर्ज लिहिला, 'मावशी सिरियस आहे, चार दिवस रजा मिळावी.' साहेबांनी लाल पेन काढलं. "मावशी नियमात बसत नाही."

मी शेजारीच उभा होतो. खरं बोललो असतो तर खोट्या अर्जापायी दोघांचीही नोकरी गेली असती. मी गप्प बसलो. लाज वाटते मला त्याची, अजून वाटते.

काशिनाथने तीन दिवस प्रेस चालवली. चौथ्या दिवशी गावाकडून माणूस आला, तसा तो कार्ड पंच न करताच निघून गेला.

परत आला तो डोक्याचं मुंडण करून. साहेब गेटवरच उभे होते. "काय रे, न सांगता गैरहजर? आणि हे डोकं?"

"मावशी गेली साहेब."

"मावशीसाठी मुंडण? तिला मुलगा नव्हता?"

काशिनाथने एकदा माझ्याकडे बघितलं.

"व्हता साहेब. पन त्याला रजा नाय भेटली."