तीन पांढऱ्या जागा

दादानं पप्पांचा हात मोडला तेव्हा मी उठून खिडक्या लावल्या होत्या.

शेजारी ऐकतील म्हणून. त्याच घरात वाढले, दुसरं काय सुचणार मला?

आज दादाला जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून या ग्रुपवर सगळे लिहून राहिले, हसमुख होता, मदतीला धावायचा. होताच. पण मी आज खरं लिहिणार आहे. पप्पा, तुम्हीही इथं आहात. वाचा.

पप्पा दारू पीत नव्हते. लोकांना वाटतं मारणारा माणूस पिऊनच मारतो. आमचे पप्पा ऑफिसमधून यायचे, हातपाय धुवायचे आणि चांगले शुद्धीत मारायचे.

त्या दिवशी पोळी गार होती. बस, एवढंच.

त्यांनी आईचे केस धरले आणि तिचं डोकं डायनिंग टेबलाच्या काचेवर आपटलं. काच फुटली. आईच्या कपाळातलं रक्त भाजीच्या वाटीत पडत होतं.

दादा रिछाईच्या कारखान्यातून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते. त्यानं पप्पांचं मनगट पकडलं आणि टेबलाच्या लोखंडी फ्रेमवर आपटलं. दोनदा. दुसऱ्यांदा हाडाचा आवाज आला.

दवाखान्यात आई म्हणाली, बाथरूममध्ये पडले. पप्पाही म्हणाले, बाथरूममध्ये पडलो. एकाच दिवशी, एकाच बाथरूममध्ये, नवरा-बायको दोघं.

डॉक्टरनं आईला टाके घातले, पप्पांना प्लास्टर केलं आणि दादाला म्हणाला, "बाथरूम की टाइल बदलवा लो भैया, बहुत फिसलन है।"

दादानं टाइल आणली. पण टेबलासाठी.

फ्रेम उरली होती ना. मी म्हटलं भंगारात दे. त्यानं ऐकलं नाही. त्यावर प्लाय ठोकला आणि नेपियर टाउनच्या एका दुकानातून इंचभराच्या टाइल्स घेऊन आला, स्विमिंग पूलमध्ये लावतात त्या. पांढऱ्या, हिरव्या, नारिंगी, तपकिरी.

मला वाटलं फोडून तुकडे चिकटवेल, बागेतल्या बाकांवर असतात तसे. हातोडी मीच आणून दिली. मलाही काहीतरी फोडायचंच होतं.

त्यानं हातोडी बाजूला ठेवली.

"तुकड्यांचं नाही करायचं. साबूत टाइल लावायची. या घरात आता काही फुटणार नाही."

मग चौकडीची वही काढली. एक चौकोन म्हणजे एक टाइल. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं असायची ना, ती pixel वाली, तसं. चित्र संत्र्याच्या झाडाचं. आईच्या माहेरी, नागपूरकडे, संत्र्याची झाडं होती.

दीड महिना लागला. रोज कामावरून आला की बसायचा. एक ओळ वाकडी गेली की जबडा आवळायचा. एकदा भिंतीवर अशी मूठ मारली की बोटांची सालटी निघाली.

मग स्वतःच्याच हाताकडे पाहत बसला. मला म्हणाला, "हा हात त्यांचाच आहे का गं?"

मी काही बोलले नाही.

पप्पा पलंगावर प्लास्टर घेऊन बसायचे, सगळं पाहायचे.

शेवटी फटींमध्ये सफेद सिमेंट भरलं. ओल्या स्पंजनं पुसलं, आणि झाड वर आलं. खरं सांगते, मी रडले. ताटं ठेवायला त्यानं झाडाच्या बाजूनं कोऱ्या पांढऱ्या जागा सोडल्या होत्या.

आईला बोलावून म्हणाला, आजपासून तू इथं बसून जेवशील.

आईनं बोट फिरवून त्या जागा मोजल्या.

"तीनच काहून?"

पप्पा, दादा आणि मी.

आई आयुष्यभर सगळ्यांच्या मागून, स्वयंपाकघरात खाली बसून जेवली होती. जिच्यासाठी बापाचा हात मोडला, तिचंच ताट दादानं धरलं नव्हतं. आणि ती वही मी दोनदा तपासली होती. मलाही दिसलं नाही. लिहायलाही लाज वाटून राहिली आहे.

दादा पांढराफटक पडला. छिन्नी-हातोडी उचलली आणि सगळं खोदून काढायला निघाला. आईनं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. फोडू नको. मी यांच्या जागेवर बसतो."

आणि बसली. पप्पांच्या खुर्चीवर.

पोळ्या मी केल्या. पप्पांचं ताट पलंगावर नेऊन दिलं. त्यांनी ते डाव्या हातानं भिंतीवर फेकलं. कोणी उचललं नाही. आई जेवत राहिली. मी तिला पहिल्यांदा गरम पोळी खाताना पाहिलं.

त्यानंतर चार वर्षं पप्पा पलंगावरच जेवले, आणि आमच्या घरात कोणाचा हात उठला नाही.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी सिहोऱ्याहून येताना ट्रकनं दादाच्या बाइकला मागून उडवलं. हेल्मेट होतं. काही उपयोग झाला नाही.

पंधरा दिवसांनी पप्पा पलंगावरून उठले आणि दादाच्या जागेवर येऊन बसले. म्हणाले, टेबल तिघांचं आहे, आता तिघंच तर आहोत.

मी वरणाचं पातेलं फेकलं. नेम त्यांच्या तोंडावर होता. चुकला. पातेलं झाडावर पडलं आणि एक नारिंगी टाइल फुटली.

त्या टेबलावर पहिल्यांदा काही फोडलं ते मी.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. ओळख पटल्यासारखं. ते मी विसरू शकत नाही.

आई पप्पांना म्हणाली, "उठा तिथून." ते उठले. मग मला म्हणाली, हात धुवून ये.

वर्षभर तो खड्डा तसाच होता. उरलेल्या टाइल्स दादानं बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या, डबा उघडायची माझी हिंमत होत नव्हती. आज सकाळी उघडला. छिन्नीनं फुटके तुकडे काढले, हळूहळू, बाजूची फुटू न देता. नवी टाइल लावली.

दादा, तू विचारलं होतंस तेव्हा मी गप्प बसले. हो रे, हात त्यांचाच आहे. माझाही. पण तू त्या हातानं झाड लावलंस. आज मी एक संत्रं लावलं.

तुझ्या जागेवर आम्ही कोणाचं ताट ठेवत नाही.

जा आता, आराम कर.

टेबल साबूत आहे.