कोन्या सालचा रस्सा

“नाव सांगू नका भाऊ, कोन्या सालचं आहे थे सांगा,” असं दयाराम रामटेके एकदा सदर बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते वाक्य त्यांना चिकटलं ते चिकटलंच.

कुकरचं रबर मागणारा माणूस दुसराच कोणी होता. दयाराम नुसते त्याच्या मागे उभे होते. पण कोणी नुसत्या नावाने वस्तू मागितली की त्यांना राहवत नसे. तरुणपणी तीन वर्षं त्यांनी वॅगनचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या गोदामात काढली होती. तिथे एकाच नावाचा बोल्ट बासष्ट सालचा वेगळा आणि एकाहत्तर सालचा वेगळा असे. नाव ऐकून बोल्ट दिला की तो अर्धा आत जाई आणि तिथेच अडकून बसे, पुढेही नाही, मागेही नाही. माणसांचंही असंच होतं हे पुढे त्यांच्या लक्षात आलं, पण ते बोलून दाखवण्याइतके ते उद्धट नव्हते. म्हणजे फारसे नव्हते. पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत मुलाचे मामा कौतुकाने म्हणाले, “पोट्टा इंजिनिअर आहे.” दयारामांनी विचारलं, “कोन्या सालचा?” मामांनी अर्धा चहा कपातच सोडला. कोणी “रायपूर कसं आहे?” म्हणालं तरी त्यांचा उलटा प्रश्न तयार असे: राजधानी व्हायच्या आधीचं की नंतरचं?

राजधानी झाली आणि तेलीबांध्याच्या रस्त्यावर ऑफिसं उगवायला लागली. त्यातल्या एका परीक्षा केंद्रात दयाराम दोन हजार एक साली कंत्राटावर लागले. टायपिंगसाठी. टाइप करता करता ते सर्व्हरच्या खोलीत शिरले, आणि एकदा शिरल्यावर त्यांना बाहेर काढणं कोणाला जमलं नाही. दीड-दोन लाख पोरांची प्रवेशपत्रं छापणारा प्रोग्राम मधेच झोपी जायचा. कुठे झोपला ते कळायचं नाही. दयारामांनी त्याच्यावर एक पहारेकरी बसवला.

पहारेकरी म्हणजे एवढासा प्रोग्राम. सगळे प्रोग्राम आपलं नेहमीचं काम एका सामाईक लायब्ररीकडून करून घेतात. गल्लीतल्या सगळ्यांनी एकाच कपाटातली अवजारं वापरावीत तसं. त्या कपाटात ‘वाट पाहा’ नावाचं एक फंक्शन होतं, दुसऱ्याने हाक मारेपर्यंत झोपून राहायचं. कोणत्याही कामाने ते मागितलं की आधी दयारामांचा पहारेकरी ती मागणी हातात घ्यायचा, वेळ टिपायचा, लायब्ररीकडून खरं फंक्शन नावाने मागून आणायचा आणि त्या कामाच्या हवाली करायचा. कोण किती वेळ बसून राहिलं हे सकाळी कागदावर येई. त्यावर केंद्राचे साहेब इतके खूष झाले की पुढल्या कंत्राटात दयाराम टायपिस्टचे तांत्रिक सहायक झाले. कंत्राट अकरा-अकरा महिन्यांचं. त्यात काम म्हणून एकच ओळ होती: पहारेकरी सांभाळणे.

दोन हजार पाच साली नवं मशीन आलं, आणि मशीनसोबत निरंजन आला. समता कॉलोनीतला मराठी मुलगा, बाहेर शिकून आलेला. मराठी सगळी समजायची, उत्तर हिंदीत यायचं. त्याने छपाईचा प्रोग्राम नव्या मशीनवर नव्याने बांधला. छपाई सुरू केली. एकोणीस प्रवेशपत्रं निघाली आणि सगळं गप्प. पुन्हा सुरू केली. या वेळी सव्वीस.

“काका, आपका चौकीदार हटाके देखा मैंने,” निरंजन म्हणाला. “मक्खन जैसा चलता है.”

“पहारेकरी काढला की घर शांतच वाटते रे बाबू. चोरालेही तसंच वाटते.”

“लेकिन गलती उसी में है ना!”

“चार वर्सं चालला थो. आता काहून बिघडला? त्याले काय दुखलं?”

निरंजनला सांगता येईना. दयारामांना तर त्याहून येईना. साहेबांनी दोघांना समोर उभं केलं आणि सोमवारची मुदत दिली. सोमवारी सकाळी छपाई झाली पाहिजे. पहारेकऱ्यासकट नाही झाली तर पहारेकऱ्याशिवाय. पहारेकरी गेला म्हणजे कंत्राटातली ती एकुलती एक ओळ गेली. आणि ओळ गेल्यावर त्या कागदावर दयारामांचं नुसतं नाव उरलं असतं. नुसत्या नावाचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?

रविवारी दुपारपर्यंत दोघं पडद्याकडे बघत बसले. मग दयाराम म्हणाले, “चाल, जेवून घे. उपाशी मरशील तं इल्जाम माह्यावर येईन.”

घर तेलीबांधा तलावाच्या पलीकडे, पायी दहा मिनिटांवर. दयारामांची आई अंजनाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पण स्वयंपाकघर अजून त्यांच्या ताब्यात होतं. त्या दाराकडे पाठ करून बसत आणि मागे वळून पाहत नसत. दर रविवारी पाटवडीचा रस्सा, आणि त्याचे दोन गंज, म्हणजे दोन उभी पातेली. एक भंडाऱ्याहून त्यांच्यासोबत आलेला रस्सा, काळा, तर्रीचा, ज्याच्या नुसत्या वासाने शेजारच्या घरात खोकला उठे. दुसरा सून आल्यानंतरचा. सून इथेच वाढलेली. तिच्यासाठी आणि पुढे नातवंडांसाठी त्यांनी तो बराच माणसात आणला होता.

दयाराम मागे हातपाय धूत होते. निरंजन मागे एकदा या घरी जेवला होता आणि त्या जेवणाची आठवण ठेवून होता. ताटावर बसल्या बसल्या त्याने आत आवाज दिला, “आजी, रस्सा देना!”

वाटी आली. त्याने भाकरी चुरली, वाटी ओतली आणि मोठा घास घेतला.

दयाराम आत आले तेव्हा तो पाण्याच्या तांब्याला दोन्ही हातांनी धरून होता. कान लाल, डोळे वाहताहेत.

“आजी... ये क्या है?”

“रस्सा,” पाठ म्हणाली.

“पिछली बार तो ऐसा नहीं था!”

“मागच्या टायमाले दयारामनं सांगतलं होतं, पोट्ट्यासाठी पाह्यजे म्हनून. आज तू नुसतं नाव घेतलं. नुसतं नाव घेतलं तं मी समोरचा गंज उचलतो. अन् समोर जुनाच राह्यते. थो पयले आला न घरात.”

“तो फिर... पुराना रखते ही क्यों हो?”

“अरे वा! जुने मानसं मरले का सगळे? रेल्वेचा सिग्नलवाला म्हातारा येते महिन्यातून एक डाव. त्याले नवा वाढला तं न जेवताच हात धुतो म्हनते थो.”

दयारामांच्या हातांवरून पाणी ठिबकत होतं. ते तसेच उभे राहिले. आईच्या पाठीकडे पाहत. बासष्टचा बोल्ट, एकाहत्तरचा बोल्ट, कुकरचं रबर, पुतणीचा तो मोडलेला इंजिनिअर. साऱ्या जगाला साल विचारत फिरलेला माणूस. आणि चार वर्षांपूर्वी आपल्याच हाताने लिहिलेल्या एका ओळीत त्याने काय विचारलं होतं? फक्त नाव.

“निरंजन, ऊठ.”

“काका, मैं मर रहा हूँ.”

“ऑफिसमधी मर. चाल.”

ऑफिसात त्यांनी लायब्ररीची यादी उघडली. त्यांना वाटलं होतं तसंच होतं. ‘वाट पाहा’ दोनदा. जुनी आवृत्ती जुन्या प्रोग्रामांसाठी जपून ठेवलेली, नवी आवृत्ती नव्यांसाठी. नवा बांधलेला प्रोग्राम आपल्याला कोणती हवी ते स्वतः लिहून आणतो. पण मधे पहारेकरी उभा होता, आणि तो लायब्ररीच्या दारात जाऊन नुसतं नाव पुकारत होता. लायब्ररी समोरचा गंज उचलून देत होती. झोपलेल्याला उठवणारं फंक्शन मात्र पहारेकऱ्याच्या हातून जात नव्हतं, म्हणून ते नवंच मिळत होतं. जुन्या मशीनवर गंजच एक होता, म्हणून चार वर्षं कोणाला ठसका लागला नाही.

“मतलब सोने वाला पुराने हिसाब से सो रहा है,” निरंजन हळूहळू म्हणाला, अजून तोंडाने वारा घेत, “और जगाने वाला नये हिसाब से जगा रहा है.”

“हव. हा जुन्या प्लॅटफॉर्मच्या बाकावर झोपला अन् थो नव्या प्लॅटफॉर्मवर हाका मारून राहिला. कसा उठन?”

ओळ एकच बदलायची होती. नुसतं नाव घेणाऱ्या विनंतीच्या जागी नाव आणि आवृत्ती दोन्ही सांगणारी विनंती. दयारामांनी ती स्वतः टाइप केली, एका बोटाने, टायपिस्ट असून. छपाई सुरू झाली. एकोणीस गेली. सव्वीस गेली. दोनशेव्या कागदाला निरंजनने त्यांचे पाय धरायचं नाटक केलं, आणि पाचशेव्याला दोघांनाही भूक आठवली.

सोमवारी साहेबांच्या खोलीत प्रवेशपत्रांचे गठ्ठे रचले होते. साहेबांनी चष्मा पुसला.

“बढ़िया. अब रिपोर्ट में लिखना पड़ेगा, गलती किसकी थी. मशीन की, या निरंजन की?”

दोन दारं उघडी होती आणि दोन्हींमधून जाता आलं असतं. निरंजन टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. तो बोलणार नव्हता, हे दयारामांना दिसत होतं. तेच अवघड होतं.

“मेरी, साहब,” ते म्हणाले. “मैंने नाम पूछा. साल नहीं पूछा.”

साहेबांना यातलं काहीही कळलं नाही. पण सरकारी खोलीत कोणी ‘मेरी’ म्हणालेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. ते हेलावले. त्यांनी कारकून हरिदासला बोलावलं आणि भरल्या आवाजात म्हणाले, “हरिदास, रामटेके जी का कॉन्ट्रैक्ट. अभी के अभी. मेरे सामने.”

हरिदास कधी नव्हे तो धावत गेला आणि धावत आला. फाईलच्या शेवटच्या पानावर ‘यथावत जारी’ असा शिक्का मारूनच आणला होता. साहेबांनी सही केली, खाली तारीख घातली, उठून दयारामांचा हात हातात घेतला. हरिदासने फाईल त्यांच्यापुढे सरकवून बोट ठेवलं, “यहाँ, भैया.”

दयारामांनी पेन उघडलं आणि सवयीने आधी वरचं वाचलं. नाव: दयाराम रामटेके. काम: टायपिंग. मुदत: एप्रिल दोन हजार एकपासून अकरा महिने.

निरंजनने त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. “हरिदास भैया, ये कौन सी...”

“नाम बोला साहब ने,” हरिदास म्हणाला. “सामने यही रखी थी.”

खोली दयारामांकडे पाहायला लागली. निरंजनचे तर ओठही हलले. ते वाक्य आता येणार, पुढल्या श्वासाला येणार, अशी त्याची खात्री होती. दयारामांनी तोंड उघडलं. साहेबांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं, शिक्क्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं, फाईल काखेत मारली, आणि या सालची फाईल काढायला ते रेकॉर्डरूमच्या दिशेने निघून गेले.