पी झिरो झिरो सोळा आणि डावीकडची सीट

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नको. मी भुताखेताला मानत नाही. पालममध्ये माझं गॅरेज आहे, अठरा वर्षं झाली, आणि दारावर लिंबू-मिरची न बांधलेलं रस्त्यावरचं बहुतेक ते एकटंच दुकान असेल. गाडी बंद पडते तेव्हा कुठलीतरी वायर नाहीतर कुठलातरी पार्ट जबाबदार असतो, हे मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर सांगत आलोय आणि आजही सांगतो. तरीपण खाली लिहिलंय ते माझ्या डोळ्यांसमोर झालंय. ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं, पण आधी पूर्ण वाचावं.

गाडी छायाताईंची. सात सीटची, पेट्रोलवर चालणारी. ताई इथून जवळच्या एका वस्तीवर राहतात. घरात शेळ्या-मेंढ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन. नवरा मारोती पालम ते परभणी प्रवासी न्यायचा. त्यानंच बायकोला गाडी शिकवली, लोक फिदीफिदी हसले तरी शिकवली. गेल्या वर्षी तो अचानक गेला. महिन्याभरानं ताई स्वतः स्टेअरिंगवर बसल्या. बायका, लेकरं, दवाखान्याचे पेशंट... गाडी भरून जायला लागली. घर त्यावरच चाललं होतं.

आणि मग डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागायला लागला.

बिघाड शोधणारं मशीन लावलं की दर वेळी एकच कोड — पी झिरो झिरो सोळा. सोप्यात सांगतो. इंजिनात खाली क्रँकशाफ्ट फिरतो, वर कॅमशाफ्ट, आणि एक चेन दोघांना बांधून ठेवते, म्हणजे दोघं ठरलेल्या तालात फिरतात. दोघांवर एकेक सेन्सर बसवलेला असतो. दोघांचं म्हणणं जुळेना झालं की कॉम्प्युटर दिवा लावतो आणि इंजिनची ताकद कापतो. मग चढावर गाडी बैलगाडीसारखी चालते.

पहिल्या वेळी मी दोन्ही सेन्सर बदलले. दुसऱ्या वेळी वायरिंग मुळापासून तपासलं, ऑईल आणि ऑईलचा व्हॉल्व्ह बदलला. तिसऱ्या वेळी इंजिनचं पुढचं कव्हरच खोललं. टायमिंगच्या खुणा अगदी जुळलेल्या, केसाचाही फरक नाही. तरी चेन नवी टाकली. दर वेळी मी स्वतः गोदावरीच्या पुलापर्यंत चालवून आणायचो — दिवा नाही, कोड नाही, इंजिन मख्खन. आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी गाडी दारात परत. झोप उडाली वगैरे म्हणत नाही, पण जेवण गोड लागेना.

चौथ्या वेळी गाडीसोबत आलेले दत्तराव बोलले. दत्तराव म्हणजे मारोतीचे थोरले भाऊ. बाईमाणूस एकटी परक्या लोकांना घेऊन फिरते हे बरं दिसत नाही, म्हणून ते रोज पुढच्या डाव्या सीटवर बसून जायचे-यायचे. घरातला मोठा माणूस शेजारी असला की बोलणाऱ्यांची तोंडं बंद होतात, अशी आमच्याकडची रीत.

"मिस्त्री, हे लोखंडाचं काम न्हाई," ते म्हणाले. "बाहेरचं हाय. मारोतीला बायकूनं गाडी चालवलेली पटंना. सोनपेठचं गिऱ्हाईक हाय, इकून टाकू. ताडकळसच्या बाजारादिवशी भावकी बसायलीय, तितंच ठरवून टाकतो."

गाडीचं आरसी बुक त्यांच्याच पेटीत होतं. म्हणजे भावकी बसली की ताईंच्या हातातलं स्टेअरिंग जाणार, हे स्पष्ट होतं.

मला राग आला. खोटं कशाला बोलू? मेलेला माणूस उठून साक्ष देत नाही, म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालायचं?

ताई गाडीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "पटत नसतं तर शिकवली कशाला असती? आन् मिस्त्री, एक सांगू का? परवा शेजारच्या पोरीला बाळंतपनाला परभनीला घिऊन गेले. भाऊजी लग्नाला गेलते, मी एकलीच. जाऊस्तर-येऊस्तर दिवा लागला न्हाई."

मी पाना खाली ठेवला. माझी चूक इथं होती. टेस्ट ड्राइव्हला मी एकटा जातो, गाडीवाले समोर टपरीवर चहा पितात. आणि शेजारी घरातला मोठा माणूस बसणं आम्हाला इतकं अंगवळणी पडलेलं, की गाडीत काय काय असतं हे तपासताना दत्तराव कुणी मोजलेच नव्हते. मीही नाही.

आमच्या धंद्यात एक साधी पद्धत आहे. एका सिलिंडरची कॉईल काढून दुसऱ्याला लावायची आणि बघायचं, फॉल्ट जागेवर राहतो की कॉईलच्या मागं जातो. मागं गेला, तर दोषी सापडला. म्हटलं, आज माणसं बदलून बघू. दत्तराव कुरकुरले, पण त्यांनाही सिद्ध करून दाखवायचंच होतं.

सकाळचे दहा वाजले असतील, ऊन चढलेलं. ताई चालवायला, मी मागं लॅपटॉप मांडीवर घेऊन. स्क्रीनवर दोन्ही शाफ्टमधला फरक अंशांत दिसतो. शून्याच्या आसपास होता. दत्तराव बसले, दार लागलं, निघालो. पाण्याच्या टाकीपर्यंत आकडा दोन... चार... सात... नऊ. दिवा लागला, ताकद गेली. त्यांना उतरवलं, कोड पुसला, तोच रस्ता परत — शून्य.

वजनाचा परिणाम असेल म्हणून त्यांच्या जागी पेंडीची दोन पोती ठेवली. शून्य. त्यांचा मोबाईल आणि किल्ल्या काढून घेऊन त्यांना परत बसवलं. नऊ. सीटखालची एखादी वायर दबत असेल म्हणून त्यांना मागं पाठवलं आणि पुढं मी बसलो. नऊ. शेवटी ताईंना उतरवून मी चालवली, शेजारी दत्तराव. नऊ. बाई चालवते म्हणून दिवा लागतो, ही गोष्ट तिथंच संपली.

भीती वाटली का? वाटली. हे कबूल करायला मला लाज नाही. लोखंडाची नवीकोरी चेन माणसाचं तोंड बघून लांब-आखूड होत नाही. आणि माझ्या मांडीवरच्या स्क्रीनवर ती होत होती.

गॅरेजसमोर गाडी थांबली तेव्हा टपरीवरची चार माणसं जवळ आली होती. दत्तराव उतरले. चेहरा पार उतरलेला. हळूच म्हणाले, "मिस्त्री... मारोतीला मीच नको हाय का?"

हो म्हणालो असतो तर विषय तिथंच मिटला असता. त्यांचंच म्हणणं त्यांच्यावर उलटलं असतं, ताईंची गाडी वाचली असती आणि मी चहा प्यायला मोकळा. खरं सांगतो, हो अगदी ओठावर आलं होतं.

पण ताई आधी बोलल्या. आवाज चढवला नाही. "त्यांचं नाव मधी आनू नका, भाऊजी. मेल्या मानसाच्या नावानं माजी गाडी बंद करायची न्हाई, आन् त्याच्याच नावानं चालू पन ठिवायची न्हाई. मी चालवती म्हनून ती चालती. आरसी बुक द्या."

दत्तराव एसटी स्टँडच्या दिशेनं चालत गेले. संध्याकाळी मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती न देता स्वतः येऊन त्यांनी बुक ताईंना दिलं. बाजारादिवशी भावकी बसली नाही. ताई तेव्हापासून एकट्याच जातात, आणि बोलणारेही त्याच गाडीत बसून दवाखान्यात जातात.

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, मिस्त्रीला काम येत नाही. अर्थिंग बघितलं का, कॉम्प्युटर बघितला का... सगळं बघितलंय. प्रत्येक फेरीची फाईल माझ्या लॅपटॉपमध्ये आहे. यावं, बसावं आणि कारण दाखवावं, चहा माझ्याकडून. आणि जे उतारा टाका म्हणून सांगणार असतील, त्यांनी तो आपल्या घरी टाकावा.

एक शेवटचं राहिलं. गेल्या महिन्यात भरदुपारी दत्तरावांना शेतात साप चावला. पालमच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन परभणीला न्या म्हणाले. ॲम्ब्युलन्स दुसरीकडं गेलेली. दत्तराव ताईंच्या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हते. मी बसलो की ती बंद पडती, वाटंतच मरंन, म्हणत होते. ताईंनी दंडाला धरून त्यांना शेजारी बसवलं आणि पट्टा लावला.

पुढचं मला ताईंनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. पुलाच्या आधीच दिवा लागला. ताकद गेली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, गाडी धापा टाकत होती, दत्तराव डोळे मिटून बसलेले.

"मंग काय केलं?" मी विचारलं.

"काय करनार? चालवली. आमचे हे असतील न्हाईतर आनखी कुनी असंल, मला काय ठावं. तोंडावर सांगितलं — राग असंल तर घरी काढा. आज वाटंत न्हाई."

परभणी येईपर्यंत दिवा विझला नाही. त्याही थांबल्या नाहीत. दत्तराव वाचले.

मी मशीन लावलं. पी झिरो झिरो सोळा. हा कोड त्या एका माणसालाच का ओळखतो, हे मला कळलेलं नाही, आणि कळल्याचं नाटक मी करणार नाही. तरी माझा हट्ट जाईना. म्हटलं, "ताई, अजून एकदा इंजिन खोलून बघू का?"

"आज नगं," त्या म्हणाल्या. "पुसा तेवढा. भाऊजींना घरी आनायला जायचंय."

मी पुसला. त्यांनी गाडी रिव्हर्स घेतली आणि परभणीच्या रस्त्याला लागल्या.