चूक सांगणारी टक

आधीच सांगून टाकते, मी भुताखेतांवाली नाही. आमच्या धरणगावात कुणी 'मला असं दिसलं, मला तसं दिसलं' म्हणालं की मी तोंडावर हसते, त्यासाठी घरी बोलणीही खाल्लीयत. आत्ता जळगावला बीएस्सी करतेय. पण बारावीच्या बायोलॉजीच्या पेपरच्या आदल्या दिवशी जे झालं, ते तीन वर्षं डोक्यात नुसतं घोळतंय… म्हणून इथे लिहितेय. कुणाला काही सुचलं तर सांगा. फक्त 'भास झाला असेल' म्हणू नका, कारण तिघींना एकच भास होत नाही.

आम्ही तिघी म्हणजे मी, हर्षा आणि ज्योती. हर्षाचं घर बाजारपेठेच्या मागे. वरच्या मजल्यावर एक खोली, खाली शहाबादी फरशी, खिडकीत कूलर. ज्योती जवळच्या खेड्यातून एसटीने यायची. आमच्यात बायो तिलाच सगळ्यात जड जायचं, प्रिलिममध्ये तर नापासच झाली होती. आणि तिच्या आप्पांनी स्पष्ट सांगितलेलं — पहिल्या झटक्यात पास झालीस तर धुळ्याला नर्सिंग, नाहीतर पुस्तकं बांधून ठेव. आप्पा एकदा बोलले की बोलले. त्यामुळे त्या दुपारी टेन्शन तिच्याइतकंच आम्हालाही होतं.

आमची अभ्यासाची एक पद्धत होती. जी कच्ची, तिनेच शिकवायचं. बाकीच्या दोघींनी डोळे मिटून ऐकायचं, आणि चुकलं की पेन फरशीवर आपटायचं. टक. बोलायचं नाही, कारण मी बोलायला लागले की ओरडते आणि मग ज्योती रडते. ही पद्धत हर्षाने काढली होती, माझ्या तोंडाला कंटाळून.

अभ्यास पुस्तकातून नाही, वैशालीताईच्या वहीतून. वैशालीताई आम्हाला काही वर्षं सिनियर, अक्षर मोत्यासारखं. तिची बायोची वही मुलींच्या हातातून हातात फिरत आमच्यापर्यंत आली होती. वर्गातल्या निम्म्या पोरींकडे तिची झेरॉक्स. सर फळ्यावर आकृती काढायचे तेव्हा आम्ही निवांत… वही आहे ना! पुस्तकाला घातलेलं खाकी कव्हर तेवढं कोरं करकरीत राहिलं होतं.

तर दुपारचे तीन वाजले असतील. लाइट गेलेली, कूलर बंद, खोलीची भट्टी झालेली. ज्योती एम्ब्रिओ सॅक शिकवत होती. म्हणजे फुलाच्या बीजांडातली ती पिशवी, सात पेशी आणि आठ केंद्रकं. ते काही केल्या तिच्या लक्षात राहायचं नाही, म्हणून मीच तिला म्हटलं होतं, तुझ्या अहिराणीत सांग.

"सात खोल्या शेतस," ज्योतीने सुरुवात केली, "आठ जन शेतस. मझारनी मोठी खोलीमा दोन जन." इथपर्यंत बरोबर. "दारवर तीन अँटिपोडल शेतस…"

टक.

ती थांबली. मी डोळे उघडले. "हर्षे, बरोबर आहे की तिचं."

"मी कुठे वाजवलं? तूच वाजवलंस."

मला वाटलं, हिला झोप आलीय, काहीतरी बरळतेय. ज्योतीला म्हटलं, पुन्हा घे. तिने वहीत एकदा बघून घेतलं. वहीतही दाराशी, म्हणजे ज्या भोकातून परागनळी आत शिरते तिथे, तीन अँटिपोडल पेशीच होत्या. ती पुन्हा म्हणाली, "दारवर तीन अँटिपोडल…"

टक. आणि मागोमाग एक बारीक खुळखुळ, जसं पेनात काहीतरी सुटं असावं.

माझं डोकंच फिरलं. हर्षाला वाट्टेल ते बोलले. उद्या पेपर आहे, हिच्या आयुष्याचा प्रश्न आहे आणि तुला मस्करी सुचतेय? हर्षा म्हणाली, आईची शपथ मी नाही, पाल असेल. पाल अशी वाजते का? ज्योती मात्र पांढरीफटक पडली होती. तिला वाटलं, आम्ही दोघी मिळून तिची मजा घेतोय.

"तुम्ही मनी गंमत करी राह्यनात का?" डोळे भरून आले तिचे. "मी घर जास." आणि ती खरंच दप्तर भरायला लागली.

मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तिन्ही पेनं उचलून कोनाड्यात ठेवली आणि दोघींचे हात माझ्या हातात घट्ट धरले. सहा हात मध्ये, सगळ्यांचे डोळे उघडे. म्हटलं, आता बोल.

"दारवर…" ज्योती म्हणाली, आणि हर्षाकडे बघत कशीबशी पुढचे शब्द बोलली.

टक. खुळखुळ. आमच्या मधोमध, फरशीवर.

खोटं कशाला सांगू, मी घाबरले. हर्षाचे हात बर्फासारखे गार पडले होते, त्या उन्हाळ्यात. शेवटी हर्षाच म्हणाली, अगदी हळू, "रूपे… वाजतंय ते चुकलं म्हणूनच वाजत नसेल ना?"

मी उठून पुस्तक काढलं. कव्हरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पान उघडलं. दाराशी अंडपेशी आणि परागनळीला आत वाट दाखवणाऱ्या तिच्या दोन सिनर्जिड. अँटिपोडल तिघी पार मागच्या टोकाला. वहीतली आकृती उलटी होती. दोन्ही टोकांची नावं अदलाबदल झालेली, आणि आम्ही अख्खं वर्ष ती तशीच घोकली होती.

ज्योतीने पानावर बोट ठेवलं. "तरीच," ती म्हणाली, "पाव्हनाले ज्या मझार लई जातस, त्या दारवरच पाह्यजेत ना." मग तिने सगळं नव्याने म्हटलं. काही वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच आकृती आली, चार मार्कांना. ज्योती पास झाली… काठावर, दोन मार्कांनी. हिशोब तुम्हीच करा.

निकालानंतर वही परत द्यायला मी आणि ज्योती वैशालीताईकडे गेलो. ती नरडाण्याला एका कंपनीत नोकरी करते, तिथेच खोली करून राहते. टकटकीबद्दल मी चकार शब्द काढला नाही. फक्त एवढंच म्हटलं, "ताई, एक आकृती उलटी आहे गं यात."

ती म्हणाली, "माहितीय मला. पेपरातच कळलं होतं. त्यातच मी दोन मार्कांनी नापास झाले." पुन्हा परीक्षेला बसलीच नाही ती. आणि वही तोवर हुशार पोरीची म्हणून गावभर फिरायला लागलेली, मग सांगायची लाज वाटली. "दर वर्षी बायोच्या आदल्या दिवशी जीव खातं ते माझा. या वर्षी तर चहाच्या सुट्टीत फोन हातात घेऊन बसले होते. कुणाला करू, कसं सांगू… नुसतं पेन आपटत बसले. सुपरवायझर म्हणाले, मॅडम, तीनदा झालं, आता बस करा."

असं, म्हणून तिने टेबलावर तेच पेन आपटून दाखवलं.

टक. आणि मागोमाग बारीक खुळखुळ. क्लिप तुटून सैल झालेली होती त्याची.

ज्योतीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. चहाची सुट्टी किती वाजता होते, मी विचारलं. तीनला, ताई म्हणाली. आणि मग तिने ज्योतीला विचारलं, "तू तर पास झालीस ना?"

ज्योती हो म्हणाली आणि रडायलाच लागली. ताईही रडली. मग तिने त्याच पेनाने आकृतीवर काट मारली, बाजूला बरोबर आकृती काढली आणि वही आमच्याच हातात दिली. पुढच्या पोरींना द्या, म्हणाली.

नरडाणा कुठे, धरणगाव कुठे, मध्ये पन्नास-साठ किलोमीटर. मी सायन्सवाली आहे, फरशीत, भिंतीत, कूलरच्या पाइपात, सगळीकडे कारण शोधून झालं. नाही सापडलं. वही आता आमच्या गल्लीतल्या एकीकडे आहे. मी तिला दर फोनला विचारते, अभ्यास करताना काही वाजतं का गं? ती म्हणते, नाही, काय वाजणार?

ज्योती धुळ्याला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. औषध देताना कुठे नुसतं टक वाजलं तरी थांबते आणि लेबल पुन्हा वाचते, म्हणाली परवा.