अक्कानं दिलेली लाईन

मैत्रिणींनो, आज दुपारी गडहिंग्लजहून एक फोन आला. जुन्या ऑफिसातून नंबर मिळवला होता. "मी अक्कांची सून. अक्का परवा गेल्या."

ऐंशीच्या दशकात मी एका कारखान्याच्या कोल्हापुरातल्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. अक्का तिकडं गडहिंग्लजला, कारखान्यातल्या टेलिफोन बोर्डावर. आमच्या बाहेरच्या लाईनी भरल्या की मी कॉल तिच्या बोर्डाकडं पाठवायची आणि ती तिथून लावून द्यायची. "आलीस व्हय मागायला?" म्हणून हसायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नाही.

माझे यजमान मिरजेला दवाखान्यात होते. ऑपरेशनआधी एकदा बोलायचं होतं, पण माझ्याकडं लाईन मोकळी नव्हती. अक्काकडंही नव्हती. "रडू नको की, थांब जरा," ती म्हणाली, आणि लाईन लागली.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. ते ऑपरेशनमधून उठलेच नाहीत.

मी कामावर परतले तेव्हा तिकडं दुसरीच बाई होती. अक्काची बदली झाली म्हणाली. मी जास्त विचारलं नाही.

आज सून सांगत होती, "साहेबांचा मुंबईचा कॉल तोडून लाईन दिली की तुम्हाला. त्यापायी बोर्डावरून काढून गोदामात घातलं. पण म्हणायच्या, पोरगी नवऱ्याशी बोलली, बास झालं."

गडहिंग्लजची एसटी माझ्या दारावरून जाते. इतकी वर्षं जाते. आता तेराव्याला मी तिच्यात बसणार आहे. तिथं जाऊन काय बोलू, सांगाल का कुणी?