पापलेटाला मोगऱ्याचा वास

वसईच्या बाजारात माझं सेंटचं दुकान आहे. पाचूबंदरच्या एक मासळीवाल्या मावशी पाटी रिकामी झाली की माझ्याकडे डोकावतात. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भांडणाऱ्या या मावशी सेंटचा भाव कधी करत नाहीत. कागदी पट्टीवर मारलेला सेंट मात्र त्यांना चालत नाही. मासळीचा हात पुढे करतात, "याच्यावर मार. इथं टिकला तरच घेनार." टिकतो नेहमी मोगरा.

तो लावायचा फक्त रविवारी, चर्चमध्ये मिस्साला जाताना. "बाजारात लावला तर गिऱ्हाईक म्हनंल, शिळा वास लपवतेय."

परवा मोगऱ्याची नवी बाटली दिसली आणि त्यांना राहवलं नाही. भरली पाटी उतरवून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. दुपारी परत आल्या तेव्हा पाटी तशीच होती.

"कोनी हात लावीना! तुझ्या मोगऱ्यानं माझी ताजी पापलेटं शिळी केली बघ!" म्हणाल्या आणि पोट धरून हसत सुटल्या.

मग मीच दोन पापलेटं घेतली. भाव त्यांनी तिळभर उतरवला नाही.

घरी बायकोने पिशवी हुंगली.

"शिळ्या मासळीला सेंट मारून दिलाय! आणि तो तुम्हाला कळला नाही? तुम्हाला?"